गाव कुठलं तुझं?

रविवारचं जेवण अंगावर आलंय. केतकी लॅपटॉप उघडून डायनिंग टेबलाशी बसली आहे. एक फोन नंबर पुसायचा आहे, फक्त एक, आणि ते टाळण्यासाठी तिने सकाळपासून पंखेसुद्धा पुसून काढलेत. आता बोट डिलीटच्या कळीवर आहे आणि डोकं हळूहळू दंडावर कलतंय.

नंबर विदूदादांचा आहे. ऑफिसात नवीन माणूस आला की त्याच्या कॉम्प्युटरवर काय काय कसं बसवायचं, याची टिपणं विद्याधर तायशेट्यांनी सगळ्यांसाठी लिहून ठेवली होती. कमांड उचला, चिकटवा, पुढे चला. शेवटी 'अडलात तर फोन करा' आणि त्यांचा नंबर. अडायचे सगळेच, कारण एक पायरी टिपणात नव्हतीच. सर्व्हर सुरू केला की तो नीट उठेपर्यंत थांबायचं, एवढीच. रडकुंडीला येऊन फोन केला की दादा विचारत, गाव कुठलं तुझं? माणूस गावाचं सांगत सुटे आणि त्याचं सांगून होईपर्यंत सर्व्हर उठलेला असे. मग दादा म्हणत, "आता कर."

दादांना जाऊन अजून वर्षही झालं नाही. परवा एका नव्या मुलीने त्या नंबरवर फोन लावला. कोणी बाई बोलल्या, ते बाहेर गेलेत म्हणाल्या, असं तिने निरागसपणे सगळ्या ऑफिससमोर सांगितलं. नंबर काढ आणि ती पायरी एकदाची लिहून टाक, असं साहेबांनी केतकीला सांगितलं. बरोबरच सांगितलं. पण पायरी लिहिली की दादांना विचारायचं काही उरणार नाही, आणि हात तिथेच अडतोय.

"अजून पुसला नाहीस?"

दादा समोर बसलेत. त्यांचा तोच बाहीला शाईचा डाग असलेला शर्ट. टेबल डायनिंगचंच आहे, पण पलीकडे ऑफिसातलं चहाचं मशीन गुरगुरतंय. केतकीला नवल वाटत नाही.

ती विचारते, पायरी मुद्दाम गाळली होती का. दादा हसतात. नवा माणूस अडल्याशिवाय तोंड उघडत नाही, म्हणतात.

"मग नंबर राहू दे," केतकी म्हणते.

"फोन कोण उचलतं?"

"वहिनी."

"काय सांगते?"

केतकी उठते. चहाच्या मशीनमागे दादांच्या शेवटच्या दिवसांतल्या हॉस्पिटलचा जिना आहे, ते दोघं तो उतरतायत, आणि खाली तिच्या चंदगडची लाल माती लागते, काजूची झाडं लागतात.

"सांगतात, बाहेर गेलेत."

दादा थांबतात. बाहीवरचा शाईचा डाग अंगठ्याने घासतात.

"तिला कधी खोटं बोलता येत नव्हतं गं, आता प्रत्येक फोनला बोलावं लागतं," ते म्हणतात. "पूस तो."

"मग तुम्ही कुठे भेटणार?"

दादा तिच्याकडे वळतात. पहिल्या दिवशी विचारलं होतं तसंच विचारतात, "गाव कुठलं तुझं?"

केतकीला कळतं. सांगून झालं की हे जाणार. म्हणून ती सांगत राहते. चंदगड, मग आजोळ, मग बाजाराचा दिवस, काजूचा चीक लागून सोललेले हात, शाळेमागचा ओढा, ओढ्यावरच्या म्हशी, म्हशींची नावं. दादा प्रत्येक नावाला मान डोलावतात. नावं संपतात. ती खोटी नावं सांगू लागते. दादांना ते समजतं, तरीही ते ऐकून घेतात.

मग तिला एकही नाव सुचत नाही.

"आता कर," दादा म्हणतात.

केतकी जागी होते. दंडाला मुंग्या आल्यात, घरात चहाचं मशीन नाही. पडद्यावर टिपण उघडंच आहे. 'अडलात तर फोन करा' आणि पुढे कोरी जागा. बोट अजून डिलीटच्या कळीवर आहे.

अनडूच्या दोन कळा दाबल्या तर नंबर परत येईल, हे तिला ठाऊक आहे. ती तोंडावर हात दाबून रडते, पोटातून रडते, आणि त्या कळांना हात लावत नाही.

बऱ्याच वेळाने ती डोळे पुसते आणि कोऱ्या जागेत स्वतःचा नंबर लिहिते. राहिलेली पायरी ती लिहीत नाही.