अकरावं कार्ड

आमच्या मामंजींकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, अकरा इंग्रज क्रिकेटपटू होते. पूर्वी सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची रंगीत कार्डं निघायची, तसली. मामंजींनी स्वतः जन्मात सिगारेट ओढली नाही. ओढणाऱ्या मित्रांच्या मागे लागून त्यांनी ऐन तारुण्यात अख्खा संघ जमवला होता. मग त्यातलं एक कार्ड आणि सोबत अदबीचं पत्र पाकिटात घालून ते थेट विलायतेला त्या खेळाडूकडे सहीसाठी धाडायचे. एक परत आल्याशिवाय दुसरं पाठवायचं नाही असा त्यांचा नियम होता, त्यात मध्ये युद्ध झालं, त्यामुळे दहा सह्यांना पंचवीस वर्षं लागली. पुण्याच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर, पण दहा साहेबांनी त्यांचं काम केलं होतं. राहिला होता तो अकरावा, एक डावखुरा फिरकी गोलंदाज.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी जर्मनीला, ब्राउनश्वाइगला निघाले. हे तिथे टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करत होते आणि आमच्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. निघायच्या आदल्या दिवशी मामंजींनी ते अकरावं कार्ड दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून माझ्या हातात दिलं. पुण्याहून परतीच्या टपालाची सोय करता येत नाही, पोस्टातला कारकून परकीय चलनाचं नाव काढून हात वर करतो, तेव्हा तिकडून पाठव, असं ते म्हणाले. मग आवाज खाली आणून मुलाचं नाव न घेता म्हणाले, "त्याच्याकडे देऊ नकोस. पत्र तू लिही आणि पाकीट तुझ्या हाताने बंद कर."

सख्खा मुलगा सोडून त्यांनी ते काम मला सांगितलं याचा मला भारी गर्व झाला. सासूबाई माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधीच गेल्या होत्या. त्या घरात मला रीत शिकवणारं, चार गोष्टी सोपवणारं कुणी नव्हतं. सून म्हणून माझ्यावर सोपवलेली पहिली वस्तू ती, आणि तसं दुसरं कार्ड आता पैसे मोजूनही मिळणार नव्हतं.

ब्राउनश्वाइगला आमची एक खोली होती, तिसऱ्या मजल्यावर. घरमालकीण विधवा, करड्या शिस्तीची, जिन्यात पाऊल वाजलं तरी दार उघडून बघणारी. पण तिच्याही कपाटावर सिनेमातल्या नटनट्यांची सही केलेली कार्डं ओळीने उभी होती, सगळी टपालाने मागवलेली. तिला मी माझं काम सांगितल्यावर ती एकदम खुलली. "आल्झो, रुकपोर्टो!" ती बोट वर करून म्हणाली. रुकपोर्टो म्हणजे परतीचं टपाल; ते भरलं नाही तर कुणी उत्तर देत नाही, आणि जर्मन तिकीट इंग्लंडात चालत नाही. तिने मला पोस्टात नेलं आणि उत्तराचं कूपन घ्यायला लावलं, ते दाखवून समोरच्याला त्याच्या देशातलं तिकीट मिळतं. पत्ता म्हणून गोलंदाजाच्या जुन्या काउंटी क्लबचं नाव घातलं आणि वर 'कृपया पुढे पाठवावे' असं लिहिलं.

पत्र तयार झालं त्याच दिवशी माझ्या राहण्याच्या परवानगीचा फॉर्मही आउसलेंडरआम्टला, परदेशी लोकांच्या कचेरीत, पाठवायचा होता. दोन्ही कागद टेबलावर ठेवून मी आईने दिलेली पिंजरीची डबी काढली. शुभकामाला निघालेल्या कागदाला कुंकू लावायचं, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. आमच्याकडे लग्नपत्रिकेपासून नोकरीच्या अर्जापर्यंत सगळ्याला लागायचं. हीटरमुळे खोलीतली हवा इतकी कोरडी की पिंजर कागदावर धरेना, नुसती झडायची. मी तिच्यात दोन थेंब गोडेतेल कालवलं आणि फॉर्मच्या आणि पत्राच्या कोपऱ्यावर ठसठशीत बोट टेकवलं. पत्राची तिघडी केली, कार्ड आत सरकवलं, कूपन आणि माझा पत्ता घातलेलं परतीचं पाकीट सोबत ठेवलं, नमस्कार केला आणि पाकीट बंद केलं.

आठ दिवसांनी हे संतापून घरी आले. माझा फॉर्म त्यांच्या हातात परत दिला होता. कचेरीतल्या माणसाने दोन बोटांत धरून विचारलं होतं, की हे रक्त आहे का.

"ऑफिशियल फॉर्मला कुंकू? इथे?" हे म्हणाले. "मला एक्स्प्लेन करता करता घाम फुटला. आता डबी ट्रंकेच्या तळाशी टाक, परत दिसायला नको."

मी ऐकत नव्हते. मी फॉर्मकडे बघत होते. माझ्या बोटाचा ठसा रुपयाएवढा पसरला होता, आणि तेल पहिल्या पानातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरलं होतं. तेच बोट, तेच कुंकू त्या पत्रावर होतं आणि पत्राच्या घडीत कार्ड होतं.

हे युनिव्हर्सिटीत गेल्यावर मी एक कोरा कागद घेतला, त्याच मापाचा पुठ्ठा कापला आणि त्याच्यावर आठवून आठवून गोलंदाज काढला: डोकं इथे, हात इथे, पांढरी पँट इथे. कोपऱ्याला तसंच तेलातलं कुंकू लावलं, तशीच तिघडी केली आणि वर जाडजूड शब्दकोश ठेवला. दुसऱ्या दिवशी उघडलं तर डाग बरोबर त्याच्या मांडीवर. मी तीनदा करून पाहिलं, तीनदा मांडीवरच. करायला गेले चांगलं आणि पंचवीस वर्षांच्या जपणुकीला मी तेल लावून बसले होते.

मग सुरू झालं वाट पाहणं, आणि तेही विचित्र. पाकीट यावं असंही वाटायचं आणि येऊ नये असंही. टपाल अकराच्या सुमाराला यायचं. घरमालकीण ते वाटायला जिना चढायला लागली की मी हातातलं काम टाकून दाराशी उभी राहायची, आणि ती पहिल्या मजल्यावरूनच "निक्स!", काही नाही, म्हणून ओरडायची. मामंजींचं हवाई पत्र पंधरा दिवसांनी यायचं. त्यात पाऊसपाणी, शेजारपाजार, आणि शेवटी एकच ओळ: 'पोस्टमन काय म्हणतो?' चोराच्या मनात चांदणं, तसं मला त्या साध्या ओळीत भलतंच दिसायचं. त्यांना कळलंय, ते माझी परीक्षा बघताहेत, असं वाटायचं. मी लिहायची, 'अजून काही म्हणत नाही.' शेवटी यांना डागाचं सांगितलं, तर हे म्हणाले की बाबांना सरळ लिहून टाक. मी म्हटलं, तुम्ही मध्ये पडू नका. त्यावरून दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. त्या परक्या गावात माझ्याशी मराठी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि मी त्याच्याशीही बोलत नव्हते.

सातव्या आठवड्यात घरमालकीण न ओरडता वर आली. माझ्याच अक्षरातलं पाकीट, वर इंग्लंडच्या राणीचं तिकीट. ती उघडायची वाट बघत उभी राहिली. मी तिच्यासमोर उघडलं नाही, दार लावून घेतलं आणि अर्धा तास ते टेबलावर ठेवून नुसती बसले. मग भाजीच्या सुरीने कड कापली.

डाग होता. मांडीवरच होता, लालसर तपकिरी, लांबट. खाली शाईत सही होती. सोबत थरथरत्या अक्षरातली चिठ्ठी. म्हाताऱ्याने लिहिलं होतं की अशा कार्डांवर चित्रकार आम्हाला नेहमी धोब्याच्या घरून आल्यासारखे रंगवायचे, आणि मी तर चेंडू पँटला घासून घासून उजवी मांडी कायम लाल ठेवायचो, बायको वैतागायची. हा डाग ज्याने रंगवला त्याने मला खेळताना पाहिलेलं दिसतं, त्याला माझा नमस्कार सांगा.

मी हसले, पण जिवात जीव काही आला नाही. लपवायचं म्हटलं असतं तर ती चिठ्ठी फाडून टाकता आली असती; जुनं कार्ड, पडला असेल डाग, असं म्हणून भागलं असतं. दोन दिवस तेच मनात घोळत होतं. पण ज्यांनी सुनेवर विश्वास टाकला त्यांना फसवायचं, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. मी सगळं लिहिलं: पिंजर, तेल, फॉर्म, शब्दकोश, आणि इतके दिवस दडवून ठेवल्याचंसुद्धा. कार्ड, चिठ्ठी आणि पत्र रजिस्टर करून पाठवलं.

मामंजींचं उत्तर यायला महिना लागला. त्या दिवशी हे घरीच होते, स्कॉलरशिप वाढवून मागण्याचा अर्ज लिहीत. मी उभ्या उभ्या वाचलं.

'चि. सौ. सूनबाई, पोस्टाची सबब मी खोटीच सांगितली होती. दहाही पाकिटांना तुझ्या सासूबाईंनी कुंकू लावलं होतं. ती हसायची माझ्या छंदाला, पण कुंकू लावल्याशिवाय एकही पाकीट तिने घराबाहेर जाऊ दिलं नाही. अकरावं निघायच्या आत ती गेली. ते तसंच पाठवायला माझा हात धजेना, आणि तू कुंकू लाव म्हणून सांगायलाही जीभ रेटेना. तू न सांगता लावलंस. ती कोरडं लावायची, पाकिटाच्या बाहेरून. पुढच्या वेळी तेल घालू नकोस.'

मी खाटेवर बसले आणि मला रडू आवरेना. बाबा रागावले का, असं यांनी विचारलं. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. आईचं हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग उठून ट्रंक उघडली आणि तळाशी हात घालून डबी काढली. अर्ज पाकिटात घातला, पाकीट बंद केलं आणि डबीसकट माझ्यापुढे ठेवलं.

"लाव," ते म्हणाले. "कोरडं लाव."