टिकल्याचं लॉगबुक

पाळीवर काम करणाऱ्यांकडे किस्से फार साठतात, कारण एका पाळीने केलेलं काम दुसऱ्या पाळीला कधीच खरं वाटत नाही. आमचं विजेचं सबस्टेशन गंगाखेडच्या अलीकडे, माळावर. शेजारी बारा क्वार्टर्स. करमणूक म्हणजे एकमेकांवर संशय घेणं. आणीबाणीच्या आसपासची दोन वर्षं तर आमचा सगळा संशय एका कुत्र्याभोवती फिरत होता.

कुत्रा माझा. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून नाव टिकल्या. त्याच्या बरोबरची पिल्लं गुडघ्याएवढी झाली, हा मांजराएवढाच राहिला. आम्हाला तेव्हा मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्याच्यावर जीव जरा जास्तच. तो वाढेना तेव्हा मी पहिला संशय बायकोवर घेतला. ती त्याच्या वाटचं दूध चहात घालत असणार!

* * *

एकदा दुपारी टिकल्या पोटभर जेवला आणि तासाभराने अंगणात गोल गोल फिरायला लागला. मग भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. तोंडातून लाळ, हाक मारली तर कान हलेना. संध्याकाळी उठला आणि काही झालंच नाही असा शेपूट हलवायला लागला. पंधरा दिवसांत असं तीनदा झालं.

बायको म्हणाली, "कुणीतरी कायतरी करायलाय." तिचा रोख शेजारणीवर होता. माझा रहीमचाचांवर. चाचा गोदावरीत जाळं टाकायचे आणि टिकल्या त्यांच्या टोपलीपाशी घुटमळायचा. मी तावातावाने नदीवर गेलो आणि कुत्र्याला विष घालता का, असं तोंडावर विचारलं.

चाचांनी हातातलं जाळं खाली ठेवलं नाही. म्हणाले, "मारना रहता तो रोज एक मच्छी कायकू देता मैं उसकू?"

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, मासे देतो हे त्यांनी कबूल केलंय. आता विष कुठल्या माशात असतं, तेवढंच शोधायचं राहिलंय.

* * *

आमचे साहेब पुण्याकडचे. त्यांना दोनच शौक, रजिस्टर तपासणं आणि कोंबड्या पाळणं. कॉलनीत कोंबड्या फक्त त्यांच्याकडे. टिकल्या भिंतीला डोकं लावून उभा असलेला त्यांनी पाहिला आणि सांगितलं, कुत्रा पिसाळलाय, इथे लहान मुलं खेळतात, गावातून बंदूकवाला बोलवा.

मध्ये पडले ते कांबळे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, पेडगावचे, सीनियर ऑपरेटर. म्हणाले, दहा दिवस बांधून ठेवू. पिसाळला असेल तर तेवढ्यात आपोआप कळेल. शिवाय पिसाळलेलं जनावर पाण्याला भितं, ते आत्ताच बघू. बादली आणली. सगळी कॉलनी ओट्यांवर चढून बघत होती. टिकल्या अर्धी बादली प्यायला आणि मग तिच्यात पाय घालून बसला.

साहेबांना पाण्याचाच संशय आला. त्यांनी दुसऱ्या नळाचं आणायला लावलं. तेही प्यायला.

दहा दिवसांनी टिकल्या ठणठणीत होता. तरी साहेबांनी मला बजावलं, "पुन्हा एकदा तो भिंतीला डोकं लावून दिसला, तर मी कुणाचं ऐकणार नाही."

* * *

टोपलीत घालून टिकल्याला पॅसेंजरने परभणीला नेलं. जनावरांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोट चाचपलं, खाणं विचारलं, झटका जेवणाआधी येतो की नंतर ते विचारलं. मग म्हणाले, याचं लिव्हर जन्मतःच अधू असावं. मटण, मासे, अंडी खाल्ली की त्यातलं विष रक्तातून गाळलं जात नाही, ते डोक्यात चढतं. दूध-भात द्या, थोडा थोडा.

"असावं म्हणजे? नक्की नाही?" मी विचारलं.

"नक्की सांगायचं तर पोट उघडून बघावं लागेल. ते हा गेल्यावर," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा मात्र आणा."

मी टिकल्याला टोपलीत घातलं आणि वरून फडकं घट्ट बांधलं. त्या डॉक्टरांची नजर मला ठीक वाटली नाही.

* * *

कांबळ्यांचं एक सांगायलाच हवं. आमच्याकडे तासातासाला मीटरचं रीडिंग लॉगबुकात लिहायचं असतं. एकदा मीटरजवळ साप निघाला, त्या धावपळीत त्यांचं एक रीडिंग राहिलं. त्यांनी त्या रकान्यात लिहिलं, "घेतले नाही." दुसऱ्या दिवशी वरून तपासणी यायची होती. साहेब म्हणाले, मागचा-पुढचा आकडा बघून अंदाजाने भरा.

कांबळ्यांनी लॉगबुक साहेबांकडे फिरवलं आणि त्यावर पेन ठेवलं. "जे बघितलंच न्हाई ते मी लिवत नसतो. तुमी लिवा, साहेब, अन् खाली सही करा."

साहेबांनी पेन उचललं नाही. महिनाभर दोघं कामापुरतंच बोलत होते.

* * *

तर अशा माणसाने टिकल्यासाठी लॉगबुक केलं. जुन्या रजिस्टरला रकाने आखले: वेळ, खाणं, तब्येत, सही. कंट्रोल रूमच्या दाराशी खिळ्याला टांगलं. जो काही खाऊ घालेल त्याने लिहायचं. साहेबांनीही सोमवारी सोमवारी त्यावर "पाहिले" लिहायला सुरुवात केली.

रहीमचाचांनी मासे बंद केले. तरी झटके येतच राहिले, आणि तेही रविवारीच. नशीब, रविवारी साहेब गंगाखेडला जायचे. मी रविवारचा पहारा सुरू केला. शेजारीण कचरा टाकायला निघाली तरी मागे जायचो. चोर सापडेना.

शेवटी कांबळ्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि रजिस्टरची पानं उलटली. "जोंधळे, दर रविवारी सही तुमचीच हाय की."

मी म्हणालो, मी मटणाचा तुकडाही देत नाही. नुसता रस्सा, भाकरी भिजण्यापुरता.

कांबळ्यांनी रजिस्टर मिटलं. मला दोन दिवस भाकरी गोड लागली नाही.

* * *

त्यानंतर तीन महिने एकही झटका नाही. साहेब येता-जाता टिकल्याला "काय रे" म्हणायला लागले होते. मला त्याचाही संशय यायचा.

आणि एका दुपारी, दोनच्या सुमाराला, टिकल्या कंट्रोल रूमच्या भिंतीला कपाळ टेकून उभा. लाळ गळत होती. मी त्याला उचलायला वाकलो, तोच मागे साहेबांचे बूट वाजले. आता सगळं संपलं, असं मला वाटलं.

टिकल्याच्या मिशांना पिवळा बलक लागला होता. मी तो पाहिला. ड्युटीवर कांबळे होते, त्यांनीही पाहिला. मग आम्ही दोघांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

कांबळ्यांनी खिळ्यावरून रजिस्टर काढलं आणि सावकाश लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं. वेळ: दोन. खाणं: दूध-भात. तब्येत: नॉर्मल. खाली वडिलांच्या नावासकट पूर्ण सही.

मग त्यांनी रजिस्टर साहेबांकडे फिरवलं आणि त्यावर पेन ठेवलं.

साहेबांनी ती ओळ वाचली. भिंतीकडे बघितलं. पुन्हा वाचली. वार गुरुवार होता, तरी त्यांनी पेन उचललं, "पाहिले" लिहिलं आणि सही केली.