सिंह आडवे झालेलं नाणं

शेंद्र्याच्या एका प्रेसशॉपमध्ये मी तपासणीला आहे. डायखाली दाबून निघालेले पत्र्याचे भाग हातात घेऊन बघायचे, नीट असतील ते पुढं सोडायचे, नसतील ते बाजूला काढायचे. खरं भांडण असतं ते पोच्याचं. पोचा आमच्या मशीनवर आला, की गिऱ्हाइकाच्या गाडीत आपटून आला? इतकी वर्षं हेच करतेय, त्यामुळं धातूवरचा घाव पाहिला की तो कुठला हे मला कळतं. ही काही फार मोठी विद्या नाही, पण तिनं माझ्या रविवारांचं पार वाटोळं केलं.

चुकीच्या छापाच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात असे व्हिडिओ मोबाइलवर येऊ लागले, आणि मला त्यातलं कळतं असं छावणी भागातल्या आमच्या गल्लीत कुणीतरी पसरवलं. कुणी रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं आणलं, कुणी ॲसिडनं बाथरूम धुताना पांढरं पडलेलं. मी सांगून थकले. टाकसाळीतली चूक छाप पडतानाच होते. नाणं ठशाखाली सरकलं तर एका कडेला कोरी जागा राहते, पण उरलेली अक्षरं ठसठशीत असतात. बाहेर मार बसला की अक्षरं दबतात, धातू कडेला सरकतो, चरे पडतात. एवढं सगळं ऐकून समोरचा शांतपणे विचारतो, "ते ठीकंय, पण किती येतील?"

अशाच एका रविवारी खुलताबादहून माझा मावसभाऊ आला. गाडीवर मागं मावशी, तिच्या मांडीवर पिशवी, आणि पिशवीत रुमालात बांधलेलं दहाचं नाणं. हे नाणं दोन धातूंचं असतं, बाहेर पिवळी कडी आणि आत पांढरी चकती. कडीवर एकीकडं 'भारत', दुसरीकडं 'इंडिया', आणि मधल्या चकतीवर सिंह उभे. या नाण्यातले सिंह मात्र खुशाल आडवे झाले होते.

"बघ ताई, असं दुसरं नाय कुठं," तो म्हणाला.

मला दारातच कळलं. कडी आणि चकती यांच्यावर छाप पडते ती एकाच ठशाची, एकाच दाबात. सिंह फिरायचे तर 'भारत'ही त्यांच्याबरोबर फिरायला हवं. नुसते सिंह फिरलेत, म्हणजे चकती नंतर कधीतरी निखळली आणि कुणीतरी ती वाकडी बसवली. मी तोंड उघडलं, पण तो घाईत होता.

"आत्ता काय सांगू नको. लागतील तेवढे दिवस लाव, नीट तपास. आई ऱ्हाती इथंच, नाण्याजवळ. तुझ्यावर भरवसा नाय असं नाय, पण लाखाची वस्तू हाय."

मला इतका राग आला की त्याच्या चहात साखर घालायचीच राहिली. दोन खोल्यांत मी, नवरा आणि लेक असे तिघं, आणि त्यात आता नाण्याला राखणदार!

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर मावशी पायरीवर शेजारणींबरोबर लसूण सोलत बसली होती, आणि मोठमोठ्यानं हसत होती. हातात नव्या बांगड्या होत्या. एकटी बाजारात जाऊन भरून आली होती. काका गेल्यापासून ती गावाबाहेर पडलेली मला आठवत नव्हती. तिला आत बोलावलं आणि म्हटलं, "मावशी, हे नाणं काही खरं नाही गं."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "चुलीत पडलं होतं. तापून मधला तुकडा सुटला. मीच वरवंट्यानं ठोकून बसवला."

"मग त्याला का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. तेवढ्यात तो म्हणला, तुला नाणं घेऊन छावणीला जावं लागंल." ती बांगड्या मागंपुढं करत राहिली. "मग कशाला सांगू?"

घरात काही त्रास आहे का, असं मी विचारलं.

"नाय गं. लेक चांगला हाय, सून बी चांगली हाय. पर दिवसभर हाका मारतेत. आई हे कुठंय, आई ते कुठंय. संडासात बसले तरी हाक येती. इथं सकाळपासनं मला कुणीच हाक मारली नाय बघ."

माझा राग कुठल्या कुठं गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं. नाणं खराब झालंय म्हणावं, तर तपासणी संपली आणि मावशी परत. खरं आहे म्हणावं, तर तो नाणं घेऊन गिऱ्हाईक शोधत फिरणार, मावशी परत, आणि माझी अब्रू जाणार ती वेगळीच. उरलं काय, तर काहीच न सांगणं. साहेबांनी डोळे वटारले तरी खराब माल न सोडणारी मी, रोज फोनवर म्हणू लागले, "अजून बघतेय." नवरा चिडवायचा, "तपासणी चाललीय का बाळंतपण?" मला हसू यायचं नाही. कामावर एखादा भाग हातात घेतला तरी डोळ्यांपुढं ते आडवे सिंह यायचे.

मग एक दिवस तो न सांगताच आला. म्हणाला, "म्हैस व्याली. आईला न्यायला आलोय."

"अन् नाणं?" मावशीनं पटकन विचारलं.

मी तिच्या मदतीला धावले. "अजून झालं नाही रे. महिना तरी लागेल." मला वाटलं, आता महिनाभर तरी ती राहील.

"लागू दे की," तो म्हणाला. "नाणं ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. आता भरवसा बसला."

मावशी उठली. पिशवी भरून गाडीवर बसली. मी माझ्याच बोलण्यात अडकले होते.

तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन येतो. मी म्हणते, "नाण्याच्या मालकिणीकडं दे, तिलाच सांगते." मग मावशी मोठ्यानं नाण्याची चौकशी करते आणि बोलत बोलत अंगणात जाते. तिथून हळूच विचारते, शेजारीण बरी आहे का, बाजारातला बांगड्यावाला अजून बसतो का. तेवढ्यात आतून हाक येते.

मागच्या रविवारी बोलणं झाल्यावर फोन परत त्यानं घेतला. "ताई, आईचा सगळा जीव त्या नाण्यात गुंतलाय. मला छावणीला नेऊन सोड म्हणून मागं लागलीय. आजवर तिनं कधी काय मागितलं नाय गं."

मी घाईनं म्हटलं, "मग आण की तिला!"

"म्हातारीला कशाला गाडीवर दगदग? मीच येतो अन् नाणं घेऊन जातो. इकायचं नाय आता. लाख नकोत अन् काय नको. तिच्यासमोर देव्हाऱ्यात ठेवतो, म्हणजे तिला कुठं जायलाच नको."

त्याच्या आवाजात नुसती माया होती. खरं सांगायचं तर काय सांगायचं? तुझी आई नाण्यासाठी नव्हे, तुझ्या घरातून निघण्यासाठी धडपडतेय, हे?

लांबून, अंगणातून मावशीचा आवाज आला. लहान पोरीसारखी घाई होती त्यात. "काय म्हणती रं ती?"

"हो म्हणली," त्यानं तिला सांगितलं आणि फोन ठेवला.

मी हो म्हटलं नव्हतं.