बुरशीवाल्या सरांचे बूट

सरांनी आल्या आल्या ट्रेमध्ये नाक खुपसायचं आणि म्हणायचं, "आज बाई खूश आहे." बाई म्हणजे बुरशी. आम्हा माणसांना रामराम त्यानंतर.

बहादरपूरच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये सरांचा कारखाना होता. केळीची खोडं वाळवून कुटायची, गव्हाचा कोंडा मिसळायचा, वाफवायचं आणि वर बुरशी पेरायची. तिच्यातून निघालेलं पाणी कापडावरची कांजी खाऊन टाकतं, म्हणून कापडवाले ते घेतात. खोडं कुटायला मी, ट्रे मांडायला माझी बायको. घरी भाकरीला बुरशी आली की मला शिव्या, इथं मात्र तिच्यावर ओलं फडकं पांघरायची.

सरांना खोटं बोलता येत नव्हतं. असला माणूस धंद्यात पडावाच कशाला? गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि हे सांगणार, "या वेळचा माल कमजोर आहे, नेऊ नका." बायकोनं चहा दिला की, "काकी, पाणचट झालाय."

एकदा मोठ्या गिऱ्हाइकानं नमुना मागितला. तो पोचला नाही तर शेडला कुलूप, हे सरांनी आधीच सांगून टाकलं. ट्रे भरले आणि नेमकं ग्रहण आलं. आमच्याकडं ग्रहणात दुधात, लोणच्यात तुळशीचं पान टाकतात. बायकोनं ट्रेमध्येही पानं टाकली, आणि दुसऱ्या दिवशी वेचून लग्नाला माहेरी गेली. तुमच्या घरचीनंही हेच केलं असतं.

पान होतं तिथं तिथं हिरवा डाग उठला. परकी बुरशी घुसली होती. सगळा माल उकिरड्यावर. शेड बंद, सर पिथमपूरला नोकरीला. बायकोला मी सांगितलं, गिऱ्हाईक पळालं. ती गल्लीभर सांगत सुटली, "माल तर मीनं वाचवला व्हता!"

यंदा ती अंथरुणाला लागली. सर भेटायला आले. मी दारातच दम दिला, "आज खरं बोललात तर तंगडी मोडीन."

तिनं विचारलंच. "सर, माझ्या पानानं माल वाचला व्हता ना?"

सरांना घाम फुटला. माझ्याकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं.

"वाचला होता, काकी. एकदम वाचला होता."

ती माझ्याकडं वळली. "बघा! तुमाले काय समजते?"

सर तडक उठले आणि माझ्या चपला घालून निघून गेले.

चार दिवसांनी ती गेली. सर पुन्हा आले नाहीत. त्यांचे बूट दारातच पडलेत. पोरगी म्हणते, टाकून द्या. मी म्हटलं, हात तर लावून दाखव.