काकांकडे मागितलेलं पत्र

माझ्या लेकीला डॉक्टर व्हायचं होतं. निदान आमच्या घरात तसं ठरलेलं होतं, आणि ते आधी कोणी ठरवलं यावर आम्ही दोघींनी कधी वाद घातला नाही. शाळा संपल्यावर एकदम आठ वर्षांच्या मेडिकलला घेणारी थोडी कॉलेजं इथे अमेरिकेत आहेत. त्यातलं एक तिला हवं होतं. अशा ठिकाणी मार्कांचं कौतुक नसतं, कारण अर्ज करणाऱ्या प्रत्येकाकडे ते असतात. फरक पडतो तो शिफारसपत्रांनी. दोन शिक्षकांची पत्रं हवी होती, आणि एक अशा डॉक्टरचं, ज्याच्या मागे फिरून मुलीने काम पाहिलंय.

शिक्षकांची तिने स्वतःच मिळवली. सरळ समोर जाऊन विचारलं, "माझ्यासाठी जोरदार पत्र लिहू शकाल का?" दोघांनीही हो म्हटलं.

डॉक्टर म्हणजे काका. मॉरिसव्हिलच्या आमच्या मराठी मंडळींतले सगळ्यात जुने हृदयरोगतज्ज्ञ. लेक सबंध उन्हाळा त्यांच्या क्लिनिकमध्ये पांढरा कोट घालून उभी राहिली होती. पण काकांना कोणी "जोरदार पत्र लिहाल का" असं विचारतं का? मी त्यांना आणि काकूंना जेवायला बोलावलं. सुरळीच्या वड्या, भरली वांगी, श्रीखंड. लेकीला वाढायला लावलं. निघताना बूट चढवत काका म्हणाले, "पोरीचं काही लागलं तर सांग गं."

मी "हो काका" म्हटलं, दार लावलं आणि म्हणाले, "झालं काम."

"बट यू नेव्हर आस्क्ड हिम," लेक म्हणाली.

"तुला नाही कळायचं. आपल्यात असंच विचारतात."

अर्जात काकांचं नाव भरलं. ऑक्टोबर संपत आला, तरी त्यांच्या नावापुढे पत्र आल्याची खूण उमटेना. शेवटी फोन केला. काकूंनी उचलला. "अगं, कसलं पत्र? तुम्ही काही बोललाच नाहीत. बाकीची मुलं येऊन तोंडावर मागून गेली." मग श्रीखंड कशाबद्दल खाल्लंत, हे मी विचारलं नाही. लेकीला गाडीत घातलं आणि त्यांच्या घरी गेले.

काका सोफ्यावर होते. लेकीने विचारलं. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"लिहीन की. पण लिहू काय? तू वेळेवर यायचीस. कोट इस्त्रीचा असायचा. एवढंच लिहिलं तर कॉलेजवाले हसतील." मग म्हणाले, "असं कर, उन्हाळ्यातला एक पेशंट सांग. नाव नको, माणूस सांग. म्हणजे मला कळेल की तू बघत होतीस."

लेक गालिच्याकडे बघत राहिली. काका थांबले. काकूंनी चहाचे कप गोळा केले, आत ठेवून आल्या.

"नाही आठवत," ती म्हणाली.

काका माझ्याकडे वळले. "पोर सोज्वळ आहे हो तुझी. लग्नासाठी शिफारस मागितलीस तर आत्ता देतो."

काकू हसल्या. मीही हसले.

गाडीत बसल्यावर मी तिला सोडलं नाही. "बरोबर बोलले ते. रोज ऑफिसला उशीर करून तुला तिथे सोडत होते मी, ते काय कपाटासारखं उभं राहायला? एक माणूस आठवू नये?"

"आठवतो," ती म्हणाली. "एक ट्रक चालवणारा होता. एकटा राहायचा, ट्रकमध्ये त्याचा कुत्रा असायचा. ऑपरेशननंतर कुत्र्याला कोण बघेल, असं तो काकांना सारखं विचारत होता. काकांनी उत्तरच नाही दिलं. तो बोलत असतानाच पुढच्या पेशंटच्या खोलीत गेले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, हा दोन स्टेंटवाला फार बडबड करतो."

"मग हे सांगायला काय झालं होतं?"

"त्यांना? त्यांच्याच घरात?" तिने सीटबेल्ट ओढला. "तूच म्हणालीस ना आई, काकांना उलट बोलायचं नाही."

मी गाडी वळवली. आता विचार करण्यात अर्थ नव्हता; पत्र तर मिळतच नव्हतं. "जा आणि सांग," मी म्हणाले. तिला जायचं नव्हतं. मी तिच्या बाजूचं दार उघडून उभी राहिले.

काकांनीच दार उघडलं. तिने उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. ट्रक, कुत्रा, पुढची खोली, दोन स्टेंटवाला. एकही गोष्ट गाळली नाही. काकांच्या मागे काकू येऊन उभ्या राहिल्या. या वेळी कोणी हसलं नाही.

"बरं," काका म्हणाले. "लिहितो. आता काय लिहायचं ते मला नेमकं कळलंय." आणि दार लागलं.

परत गाडीत बसलो. मी म्हणाले, "फोन काढ. अर्जातून त्यांचं नाव काढून टाक."

"मग अर्ज अपुरा राहील. ते वाचणारसुद्धा नाहीत."

"न वाचलेला परवडला. दुखावलेला माणूस तुझ्याबद्दल काय लिहील, कळतंय का तुला?"

"नाही काढणार." फोन तिने मांडीखाली सरकवला. "तो माझा अर्ज आहे. आणि मी खरं बोलले."

खरं बोलल्याचे मार्क कुठल्याही कॉलेजात देत नाहीत, असं मी तिला सांगितलं. घरी पोचल्यावरच तिने मांडीखालून फोन काढला.

दुसऱ्या दिवशी काकांच्या नावापुढे खूण उमटली. इतक्या लवकर त्यांनी आयुष्यात काही लिहिलं नसेल. पत्रं मुलांनी पाहायची नाहीत, तशी सही अर्ज करतानाच द्यावी लागते, त्यामुळे त्यात काय होतं ते आम्हाला कळायचा प्रश्नच नव्हता. तिने अर्ज केलेल्या इतर, साध्या पदवीच्या कॉलेजांना डॉक्टरचं पत्र लागत नव्हतं. तिथून होकार आले. या कॉलेजने मुलाखतीलाही बोलावलं नाही. ईमेलमध्ये जेमतेम चार ओळी होत्या. तिने त्या उभ्याउभ्या वाचल्या आणि पोळी खायला बसली. मी तिला सांगितलं की आता साधं बायॉलॉजी, आणि चार वर्षांनी मेडिकलसाठी परत अशीच पत्रं गोळा करायची. "आय नो," ती म्हणाली.

गुढीपाडव्याला मंडळाच्या कार्यक्रमात काका भेटले. हातात जिलबीची ताटली, भोवती चार माणसं. आम्हाला पाहून मोठ्याने म्हणाले, "काय गं, काय झालं त्या कॉलेजचं? काही कळवलं नाहीस."

"झालं नाही," लेक म्हणाली. "का नाही झालं, ते तुम्हीच सांगा ना काका."

भोवतीची माणसं काकांकडे बघायला लागली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला दटावावं म्हणून ते थांबले होते. मी दटावलं नाही. मग त्यांनी चहा कुठे ठेवलाय ते विचारलं, आणि मी हाताने दाखवलं.