काशीराम चाकं तपासतो

बळवंतला काशीराम पहिल्यांदा दिसला तो नावं ठेवताना. भांडुपला आग्रा रोडवर ट्रकांचं गॅरेज होतं आणि बळवंत तिथला हेडमिस्त्री. गिरण्यांचा संप लांबत चालला, तसे गिरणीकामगार मिळेल त्या कामाला लागू लागले. त्यांतलाच एक शेठने पाठवला. फाटकातूनच आतल्या ट्रककडे बघत तो म्हणाला, "ही गाडी उभी आहे की बसली आहे रे?"

"काम शिकायला आलास ना? आधी खाली वाक," बळवंत म्हणाला.

मोडलेली गाडी दुरुस्त करणारे पुष्कळ होते. शेठला गाडी मोडण्याआधी तिची तपासणी करणारा माणूस हवा होता. गाडीने मुलुंडचा चेकनाका ओलांडण्याआधी ब्रेक, टायर, स्प्रिंगचे पाटे, चाकांचे नट सगळं बघायचं आणि मगच ड्रायव्हरला किल्ली द्यायची. दिवाळीपर्यंत हे काशीरामला एकट्याने जमलं तर नोकरी कायम, नाहीतर रस्ता मोकळा होता. घरी बायको रुक्मिणी आणि लेक शकु होत्या, आणि दुसऱ्या गॅरेजांतल्या जागा त्याच्यासारख्यांनी आधीच धरलेल्या होत्या.

काशीराम खाली वाकला, पण त्याचं तोंड काही वाकलं नाही. ग्रीस बघून म्हणाला, "आमच्या गिरणीतल्या साच्यांना असलं तेल घातलं असतं तर कापडाऐवजी गोणपाट निघालं असतं." दादू ड्रायव्हरला म्हणाला, "तुझा ब्रेक तुझ्यापेक्षा म्हातारा आहे. जरा मान ठेवून दाबत जा." दादू चिडायचा, पण ब्रेक खरंच झिजलेला असायचा. पाट्याला गेलेली केसाएवढी चीरसुद्धा काशीरामच्या नजरेतून सुटत नसे. बळवंतला हे दिसत होतं, म्हणून तो टोमणे गिळायचा.

हातोडीचं मात्र काशीरामला वावडं होतं. बळवंत चाकाच्या प्रत्येक नटावर हातोडी हलकेच मारायचा. घट्ट नट खणकन वाजतो, सैल नट बद्द वाजतो.

"देवळात घंटा वाजवतोस काय रे?" काशीराम म्हणायचा. "नट सैल झाला की खालून गंजाचा ओघळ येतो. देवाने डोळे दिलेत ते कशाला?"

गंजाचं त्याचं म्हणणं खरं होतं, त्यामुळे बळवंत पुढच्या नटाकडे वळायचा. गाडीखालून आपण हाक मारली तर हा ओ देत नाही, हेही त्याने माजात जमा केलं होतं.

खंडेनवमी आली. गिरणीत त्या दिवशी साचे घासूनपुसून लखलखीत करायचे, त्यांना हार घालायचे. काशीरामने दादूच्या ट्रकचं तेच केलं. ट्रक धुतला, चाकांना चंदेरी आणि नटांना लाल रंग फासला, वर झेंडू.

"झकास," दादू म्हणाला. "नवरी दिसतेय."

दसऱ्याला सकाळी गाडी माल भरून नाशिकला निघायची होती. बळवंतने वाकून चाकं पाहिली. मग म्हणाला, "काशीराम, गंजाचा ओघळ आता कुठे शोधू? की तोही रंगवलास?"

काशीरामने एका नटावरचा रंग नखाने खरवडून पाहिला.

"घे हातोडी." बळवंतने ती पुढे केली.

त्याने घेतली. नट खणखणत गेले. मागच्या चाकाचा एक बद्द वाजला, इतका की दादूनेही मान वळवली. काशीरामने "ठीक" म्हणून पुढच्या नटावर हातोडी उचलली.

बळवंत त्याच्या पाठीमागे गेला. साध्या आवाजात म्हणाला, "काशीराम, तुझ्या शर्टाला रंग लागलाय." काशीराम ठोकतच राहिला.

गिरणीच्या साचेखात्यात खडखडाटामुळे माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात, हे बळवंतने ऐकलं होतं. हा माणूस उत्तर देताना नेहमी आपल्या तोंडाकडे बघतो, हे त्याला आता उमगलं. तो समोर येऊन उभा राहिला.

"कान कधी गेले?"

काशीरामने आधी दादूकडे पाहिलं. "जा, सांग शेठला," तो म्हणाला आणि गावच्या बोलीवर घसरला. "माका काय."

पण हातोडी त्याने खाली ठेवली नव्हती.

बळवंतने ती त्याच्या हातातून काढून घेतली, त्याचा अंगठा धरून घट्ट नटाच्या कडेला टेकवला आणि दुसऱ्या बाजूने ठोका दिला. काही नाही. मग अंगठा त्या सैल नटावर ठेवला. ठोक्यासरशी नट अंगठ्याखाली सरकला आणि काशीरामने हात मागे घेतला.

मग त्याने सगळी चाकं पुन्हा तपासली, स्वतःच्या अंगठ्याने. दादूने पाना लावून सैल नट आवळला.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" काशीराम म्हणाला. "उगाच घंटा बडवत बसलास इतके दिवस."

"तू विचारलं होतंस?"

"मिस्त्री तू की मी?"

बळवंत शेठला काही बोलला नाही, दादूलाही त्याने बोलू दिलं नाही. दिवाळीनंतर काशीराम कायम झाला आणि निवृत्त होईपर्यंत ग्रीसला नावं ठेवत राहिला.

आता तो नाहूरला शकुकडे राहतो. तिने त्याला कानाचं यंत्र आणून दिलं आहे. ते तो जेवताना तेवढं लावतो, भाजीला नावं ठेवल्यावर शकु काय म्हणते ते ऐकायला.