ताटातली काडतुसं

वडिलांचं तालुक्याच्या गावी सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दसऱ्याला ते पाने, पंप, ग्रीसचा डबा घासूनपुसून ताटात मांडायचे, हळदकुंकू वाहायचे आणि त्या दिवशी कुणाचं पंक्चरसुद्धा काढायचे नाहीत. त्याच ताटाच्या कडेला माझी कंपासपेटी आणि धाकट्या बहिणीची पाटी असायची. ज्याच्यावर पोट चालतं ते ताटात, इतकं साधं होतं ते. आमचं पोट पुस्तकांवर चालणार, हे त्यांनी आमच्याही आधी ठरवून टाकलं होतं. घरातला पहिला पदवीधर मी, दुसरी ती. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघून मी कतारला आलो आणि ती लग्नानंतर अमेरिकेला गेली, याचं मूळ मला अजूनही त्या ताटाच्या कडेलाच दिसतं.

वडील गेल्यावर त्यांचा एक पाना माझ्याबरोबर दोह्याला आला. दर दसऱ्याला व्हिडिओ कॉल करून मी आणि बहीण एकमेकांना आपापलं ताट दाखवायचो. माझी संध्याकाळ म्हणजे तिची सकाळ. ‘पाना पुसलास का रे?’ हा तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

फुटबॉल वर्ल्डकपच्या तयारीची ती वर्षं होती. शहर जागोजागी खणलेलं, कालचा रस्ता आज बंद. मी एका स्टेडियमच्या आतल्या खोल्यांच्या भिंती करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होतो. विटांच्या नव्हे, आतून पत्र्याच्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या दोन्ही अंगांना जिप्समचे बोर्ड, अशा भिंती. दसऱ्याची सुट्टी तिथे नसते. त्या दिवशीही साइटवरून ओल्ड एअरपोर्ट भागातल्या घरी आलो, आंघोळ केली आणि ताट मांडलं. पाना, टेप, स्क्रूड्रायव्हर, लॅपटॉप. दुसऱ्या दिवशी कन्सल्टंटला दाखवायचा जिप्सम बोर्डाचा नमुना हातात होता, तोही ठेवला. बायको म्हणाली, आता सिमेंटची गोणीही आणा.

कॉल लागला. बहिणीने पाना पाहिला, बोर्डाच्या तुकड्याला हसली, आणि मग आपला फोन ताटावर धरला. झेंडूचा हार होता, तिचा लॅपटॉप होता, भाचीची चित्रकलेची खडूपेटी होती. मधोमध तळहाताएवढं काळं पिस्तूल होतं. त्यावर कुंकवाचं बोट ओढलेलं होतं आणि शेजारी काडतुसांची दोन खोकी.

“आत्या, इज दॅट रिअल?” माझी मुलगी फोनमध्ये डोकं घालत म्हणाली.

बायकोने तिला आत नेलं. मी उठून दार लावलं. आमच्या मजल्यावर कुणी दार लावत नसे. चपला, पोरांच्या सायकली बाहेरच असायच्या. खाली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, बकाल्यात, लोक गाडी चालू ठेवून जातात. अशा घरात बसून मी ते कुंकू लावलेलं पिस्तूल बघत होतो.

दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, फोनसमोर आले. त्यांना कामासाठी निम्मा आठवडा दुसऱ्या गावी राहावं लागतं आणि उद्या पहाटे निघायचं होतं. ते नेहमीच्या शांतपणे सांगू लागले. महिन्याभरापूर्वी ते नसताना कुणीतरी मागचं दार बराच वेळ हलवत होतं. बहीण तीन वर्षांच्या भाचीला घेऊन बाथरूममध्ये बसून राहिली. पोलीस येईपर्यंत माणूस पळाला होता. त्यानंतर ही खरेदी. बहिणीने चालवायचं शिक्षणही घेतलं होतं.

हे मला काहीच ठाऊक नव्हतं. मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

“सांगून काय केलं असतंस? दोह्यातून धावत आला असतास?” बहीण म्हणाली.

दाजींनी दोन्ही खोक्यांतून एकेक काडतूस काढून दाखवलं. एकाचं टोक गोल, भरीव होतं. दुसऱ्याच्या टोकाला खळगा. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे खळग्याचं काडतूस अंगात उमलतं आणि तिथेच थांबतं, पुढे जात नाही, म्हणून घरात तेच ठेवतात. बहिणीला नेम धरायला मात्र गोल टोकाचं बरं वाटत होतं, सराव त्याच्यावरच झाला होता. आज एक ठरवून भरून ठेवायचं होतं.

“दादा, तुम्ही भिंतीतले माणूस,” दाजी म्हणाले. “आमची भिंत जिप्समचीच. चुकून नेम हुकला तर यातलं कुठलं भिंतीत थांबेल?”

मी दिवसभर अशाच प्रश्नांची उत्तरं देत असे. कुठला बोर्ड ओलीला टिकेल, कुठला आवाज अडवेल. त्याच सवयीने मी विचारलं, भिंतीच्या पलीकडे काय आहे?

“पिल्लूची खोली,” बहीण म्हणाली.

मागे हॉलमध्ये भाची कार्टून बघत खिदळत होती. मी पुढे सरकलो. मग ताटातला बोर्डाचा नमुना उचलला, पाटासारखा मांडीवर धरला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि हाताने दाबला. तो आरपार गेला. पांढरी पूड माझ्या लेंग्यावर पडली. भोक फोनसमोर धरलं.

“गोळीतलं मला काही कळत नाही, दाजी. भिंतीतलं कळतं. तुमच्याकडे याचे दोन थर आणि मधे पोकळी. माझ्या साइटवर ट्रॉलीचा कोपरा लागला तरी पलीकडची खोली दिसते.”

दाजी म्हणाले, अहो, पण दारात माणूस असेल, गोळी त्याला लागेल. बहीण म्हणाली, मी दारातच तर नेम धरणार, भिंतीत कशाला. मी तिला विचारलं, बसशील कुठे? पलंगावर, दाराकडे तोंड करून. मग मी तिला आमच्या साइटवर करतात तसं करायला सांगितलं. भिंतीत कुठे भोक पाडायचं ते नक्की करताना आम्ही दोरी ताणतो. ताटात हार ओवून उरलेला दोरा होता. तो घेऊन ती पलंगावर बसली, दोऱ्याचं टोक छातीशी धरलं. दुसरं टोक घेऊन दाजी सरळ दारातून बाहेर, पॅसेजच्या भिंतीपर्यंत गेले. दोरा ताणला. जिथे टेकला तिथे दाजींनी कुंकवाचा ठिपका ठेवला. भाचीच्या खोलीची चौकट तिथून जवळ होती. चौकटीपासून किती, जमिनीपासून किती, हे मी मोजायला लावलं आणि तेवढंच पलीकडून मोजून तिथे दुसरा ठिपका लाव, असं बहिणीला म्हणालो.

फोन हातात धरूनच ती भाचीच्या खोलीत गेली. मला आधी छत दिसलं, मग तारे चिकटवलेली भिंत, मग तिचं कुंकवाचं बोट खाली खाली येताना दिसलं. खाली भिंतीला टेकून छोटा पलंग होता. त्यावर उशी, उशीवर कापडी ससा. भाचीचं डोकं असायची ती जागा. बोट उशीच्या किंचित वर थांबलं.

बहिणीने ठिपका लावला नाही.

“दादा, ती उठून बसते ना कधी कधी,” ती म्हणाली. “रडत उठली तर बसते.”

दाजी तिच्या मागे उभे होते. दोऱ्याचं टोक अजून त्यांच्या हातात होतं. बाहेर मशिदीत अजान सुरू झाली होती आणि माझ्या मांडीवर जिप्समची पूड होती.

थोड्या वेळाने बहीण म्हणाली, “मग मी काय करू?” तिचा आवाज आम्ही लहान असताना असायचा तसा झाला होता. ते दार हलवणारा माणूस खराच होता. त्याला मी दोह्यातून भिंतींचे थर सांगून घालवू शकत नव्हतो.

मला जे येत होतं तेच मी सांगितलं. पिल्लूला तुझ्या खोलीत घे. मग तुला कुणाच्या खोलीकडे नेम धरायची वेळच येणार नाही. खोलीचं दार पोकळ असेल, ते काढून भरीव लाकडाचं लाव, चौकटीत लांब स्क्रू मार. आत बसून पोलिसांना फोन कर. बाकी तुम्ही दोघं ठरवा.

दाजींनी दुसऱ्या दिवशीचं गावाला जाणं रद्द केलं. छोटा पलंग संध्याकाळपर्यंत मोठ्या पलंगाशेजारी आला. पिस्तूल कुंकू पुसून आकड्यांच्या कुलपाच्या लोखंडी पेटीत गेलं, रिकामंच. काडतुसं परत करायला दाजी दुकानात गेले, पण विकलेली काडतुसं परत घेत नाहीत म्हणे. दोन्ही खोकी त्यांनी सरावाच्या जागी संपवली. तिथल्या शिक्षकाने त्यांना सांगितलं की खळग्यात भिंतीची पूड अडकली की ती गोळी उमलत नाही, दुसरीसारखीच सरळ जाते. हे त्यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

मी मात्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कन्सल्टंटसमोर भोक पडलेला नमुना घेऊन उभा राहिलो. हे काय, असं त्याने विचारलं. घरी लहान मुलगी आहे, म्हणालो. नवा घेऊन या, म्हणाला.

पुढच्या दसऱ्याला बहिणीच्या ताटात ड्रिल मशीन होतं. भरीव दाराच्या बिजागऱ्या तिने स्वतः बसवल्या होत्या, एक जराशी वाकडी. ती मी दाखवून दिली तेव्हा ती म्हणाली, तू आधी पाना पुसलास का ते सांग. मी पुसला होता. पान्याशेजारी बोर्डाचा तुकडाही ठेवला होता, भोक पडलेला तोच. त्यावर कुंकू लावताना माझं बोट भोकाजवळ आलं, आणि मी ते जरा बाजूला लावलं.